पिकअप निवडताना हादरे आणि आवाज कसे तपासायचे?

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. इतकी वर्षं सेडान चालवली, आता मध्यम आकाराची पिकअप घ्यायची आहे. वसंतात बागेसाठी माती आणि मल्च, अधूनमधून प्लायवुड, उन्हाळ्यात चार-पाच वेळा साडेतीन हजार पाउंडांचा कॅम्पिंग ट्रेलर, एवढंच काय ते ओझं. बाकी रोज आय-२७५ वरून कामावर, एका बाजूचे तीस मैल. आई-बाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. बाबा ७२ वर्षांचे, कमरेच्या मणक्याचा जुना त्रास, आणि ते मागे बसणार. टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरले कोलोरॅडो, निसान फ्रंटियर आणि होंडा रिजलाइन अशी यादी केली आहे. प्रत्येक डीलर दहा मिनिटं गुळगुळीत रस्त्यावर फिरवून आणतो आणि सगळ्याच चांगल्या वाटतात. हादरे आणि आवाज यांची तुलना नेमकी कशी करायची? आणि आवाज जास्त वाटलाच तर नंतर साउंड डेडनिंगच्या शीट्स लावून भागेल का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या यादीत पाच नावं आहेत, पण त्यातल्या एकापुढेही ट्रिम (म्हणजे एकाच मॉडेलची साधी किंवा महाग आवृत्ती), चाकाचा आकार आणि टायरचा प्रकार लिहिलेला नाही. तिथूनच सुरुवात करा. एकाच कंपनीच्या एकाच पिकअपच्या दोन ट्रिममध्ये हादरे आणि आवाज यांचा जितका फरक पडतो, तितका कधी कधी दोन कंपन्यांमध्येही पडत नाही. टॅकोमा शांत आहे का, याला उत्तर नाही. कोणत्या मागच्या सस्पेन्शनची आणि कोणत्या टायरांची टॅकोमा, असं विचारलं तर उत्तर मिळतं.

तुमच्या वापराकडे पाहिलं तर वर्षातले बहुतेक दिवस मागचा बेड, म्हणजे सामानाचा उघडा हौदा, रिकामा असणार आहे, आणि पिकअप सगळ्यात वाईट चालते ती रिकामी असतानाच. मागचे स्प्रिंग हजार-दीड हजार पाउंड पेलण्यासाठी बनवलेले असतात. वर वजन नसलं की ते जेमतेम दबतात आणि रस्त्याचा दणका तसाच वर पाठवतात. त्यात मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्याकडच्या ट्रकला असतात तसे पाटे असतील तर आणखी एक भानगड असते. पाटे एकमेकांवर घासतच वाकतात. मोठ्या खड्ड्यात ते वाकतात, पण बारीक खडबडीवर तेवढं घर्षण मोडण्याइतका जोरच लागत नाही, म्हणून पाटे आखडून राहतात आणि बारीक थरथर थेट सीटपर्यंत येते. डीलरच्या गुळगुळीत रस्त्यावर हे कळत नाही. तुमच्या तीस मैलांत मात्र रोज कळेल.

मागे कॉइल स्प्रिंग, म्हणजे गोल गुंडाळीचे, असतील तर अ‍ॅक्सल (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) जागेवर धरायचं काम वेगळ्या दांड्या करतात आणि स्प्रिंगला फक्त वर-खाली व्हायचं असतं. घर्षण कमी, त्यामुळे बारीक खडबड बरीच गिळली जाते. पण अ‍ॅक्सल अखंडच राहतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवी बाजूही हलते, कॅबिन आडवी डोलते आणि डोक्याला बाजूने हिसका बसतो. कमरेच्या मणक्याला सरळ उभ्या दणक्याबरोबर हा आडवा हिसकाही त्रास देऊ शकतो आणि बरेच लोक तो तपासायचा विसरतात. दोन्ही चाकं स्वतंत्र असतील तर हा हिसका सगळ्यात कमी.

या हिशेबाने तुमची यादी लावू. रिजलाइन एकटीच अशी आहे की जिला वेगळी शिडीसारखी फ्रेम नाही, बॉडी अखंड आहे आणि मागची चाकं स्वतंत्र आहेत. तिचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १२५.२ इंच, म्हणजे तुमच्या यादीत सगळ्यात छोटा. नुसता तो आकडा बघून ती उसळेल असं वाटेल, पण सस्पेन्शनमुळे प्रत्यक्षात उलट होतं. २०२४ पासूनच्या नव्या टॅकोमात बहुतेक ट्रिमना मागे कॉइल आहेत, सगळ्यात खालच्या एसआरला पाटेच आहेत. एक्स्ट्राकॅब (मागे प्रवासी सीट नसलेली छोटी कॅबिन) असेल तर ट्रिमप्रमाणे बदलतं, म्हणून गाडीखाली वाकून स्वतः बघा, दहा सेकंदांचं काम आहे. रेंजरला पाटे आहेत (रॅप्टर सोडून), पण २०२४ च्या मॉडेलपासून मागचे शॉक (उसळी आवरणारे दांडे) फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला, चाकांच्या जवळ नेले आहेत, त्यामुळे डोलणं आवरायला त्यांना जास्त पकड मिळते. कोलोरॅडो आणि फ्रंटियरलाही पाटेच. फ्रंटियरच्या २०२२ च्या मॉडेलपासून कॅबिन आणि फ्रेम यांच्यामध्ये द्रव भरलेले माउंट घातले आहेत. त्याने थरथर कमी होते, पण पाट्यांचा दणका पाट्यांचाच राहतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो: रोजचे साठ मैल, मागे बसणारे बाबा आणि साडेतीन हजार पाउंडांचा ट्रेलर हे तिन्ही धरले तर रिजलाइन पहिली. दुसरी कॉइलवाली डबल कॅब (चार दारांची) टॅकोमा, साध्या रस्त्याच्या टायरांवर. उरलेल्या तीन वाईट नाहीत. महिन्यातून आठ दिवस हजार पाउंड माल वाहणाऱ्याला आम्ही हा क्रम कदाचित उलटा सांगितला असता.

आता तुमच्या रस्त्याबद्दल. मिशिगनमधल्या काँक्रीटच्या फ्रीवेवर ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात. समजा सांधे १५ फुटांवर आहेत आणि तुम्ही ताशी ६५ मैलांनी जाताय. म्हणजे सेकंदाला ९५ फूट, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा ठोके. माणसाच्या धडाला खाली-वर होणारी जी थरथर सगळ्यात जास्त जाणवते ती नेमकी सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी असते. त्यात फ्रेमवाल्या पिकअपची फ्रेम, कॅबिन आणि बेड हे तीन तुकडे रबरावर जोडलेले असतात. ठोक्यांचा वेग त्यांच्या स्वतःच्या डुलण्याशी जुळला की अख्खी गाडी जेलीसारखी थरथरत राहते. एका डीलरच्या गाडीत हे होतं आणि दुसऱ्याच्या नाही, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. ओळखायची खूण सोपी आहे: वेग पाच मैलांनी कमी किंवा जास्त करा. थरथर एकदम कमी झाली तर ती सांध्यांच्या ठेक्याची. तशीच राहिली किंवा वेगाबरोबर वाढतच गेली तर टायरचं बॅलन्सिंग किंवा ड्राइव्हशाफ्ट बघायला लागेल.

लांब व्हीलबेस असेल तर पुढे-मागे झुलणं कमी होतं. टॅकोमा डबल कॅब छोट्या बेडची १३१.९ इंच, कोलोरॅडो १३१.४, रेंजर १२८.७. फ्रंटियर क्रू कॅब (तीही चार दारांची) छोट्या बेडची १२६, लांब बेडची जवळपास १४०. लांब बेडची फ्रंटियर फ्रीवेवर खरोखर जास्त स्थिर वाटते, पण ती गॅरेजमध्ये मावते का ते आधी मोजा.

टायरचं प्रकरण मोठं आहे, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ऑफ-रोड नावाच्या ट्रिमवर, म्हणजे टीआरडी ऑफ-रोड, झेड-७१, ट्रेल बॉस, एफएक्स-४, प्रो-४एक्स, बहुधा ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारे, टायर येतात. त्यांच्या मोठ्या ठोकळ्यांमध्ये हवा अडकून सुटते आणि ताशी ४५ मैलांच्या पुढे एक सलग गुणगुण सुरू होते. नवीन असताना ती सहन होते. पंधरा-वीस हजार मैलांनी ठोकळे एका बाजूने झिजले की तीच घरघर होते, आणि लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. गंमत अशी की याच ट्रिमचे शॉक कधी कधी साध्या ट्रिमपेक्षा चांगले असतात, त्यामुळे खड्ड्यात ती गाडी मऊ वाटते आणि फ्रीवेवर कानाला त्रास देते. तुम्ही चिखलात जात नाही. हायवे किंवा ऑल-सीझन टायरवाली ट्रिम घ्या. बर्फासाठी हवे तर चार विंटर टायर वेगळ्या रिम्सवर ठेवा.

टायरच्या बाजूवर आकाराच्या आधी एलटी लिहिलंय का तेही वाचा. एलटी म्हणजे जड कामाचा टायर, बाजूची भिंत जाड आणि ताठ, हवाही जास्त लागते. तुमच्या ओझ्याला त्याची गरज नाही आणि तो प्रत्येक सांध्याला आपटतो.

मोठ्या रिम्सचा मोह टाळा. २५५/७०आर१७ आणि २५५/५५आर२० हे टायर बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीचे. पण पहिल्याची रबरी भिंत साधारण १७८ मिलिमीटर, दुसऱ्याची १४०. जवळजवळ दीड इंच उशी गेली. २० इंची चाकं देखणी दिसतात, पण मिशिगनच्या मार्च महिन्यातल्या खड्ड्यांत तीच वाकतात. १७ किंवा १८ इंची चाकं येणाऱ्या ट्रिममध्ये सीट, काचा आणि स्पीकर थोडे साधे मिळाले तरी चालतील.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी हवा तपासलीच पाहिजे. कारखान्यातून वाहून आणताना टायर चपटे होऊ नयेत म्हणून जास्त हवा भरतात, आणि डीलरकडे ती उतरवायची राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३५ लिहिलंय आणि टायरमध्ये ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे, असं सर्रास आढळतं. दहा पीएसआयने चांगली गाडी दगडासारखी होते आणि तुम्ही चुकीच्या गाडीला नापास करता. खिशात स्वतःचा गेज ठेवा. मोजणी थंड टायरवर, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा मैलभरापेक्षा जास्त न चालवता. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतं, म्हणून थंडीत गरम शोरूममधून नुकत्याच बाहेर काढलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो. चारही टायर स्टिकरप्रमाणे करून द्या असं स्पष्ट सांगा. नाही म्हणणाऱ्या डीलरकडे पुन्हा जाऊ नका.

अजून एक: लॉटमध्ये आठवडे उभ्या असलेल्या गाडीचे टायर खाली चपटे झालेले असतात आणि सुरुवातीला धप-धप करतात. हाडं गोठवणाऱ्या थंडीत शॉकमधलं तेलही घट्ट होतं. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं नुसती चालवा, मगच मत बनवा. दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह इथेच कुचकामी ठरते. तासभर मागा, आठवड्यातला कामाचा दिवस आणि सकाळची वेळ निवडा, तेव्हा डीलरकडे गर्दी नसते. शक्य असेल तर पसंतीची गाडी एक दिवस भाड्याने घ्या. पिकअप भाड्याने मिळतात, फक्त ट्रिम तीच आहे का ते पाहा.

मार्ग तुमचाच ठेवा, आणि प्रत्येक गाडीला तोच. आय-९६ आणि आय-२७५ चा काँक्रीटचा पट्टा, दोन-तीन पुलांचे सांधे, ग्रँड रिव्हर अ‍ॅव्हेन्यूसारखा ठिगळं लावलेला रस्ता, एक रेल्वे फाटक, आणि साउथ लायनच्या बाजूचा एखादा कच्चा खडीचा रस्ता. ओकलंड काउंटीत असे रस्ते भरपूर आहेत. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात. ताशी पंचवीस-तीस मैलांनी त्यावरून जा. मागचा अ‍ॅक्सल बाजूला सरकतोय असं वाटलं, मागचा भाग पाय सुटल्यासारखा नाचला, तर रिकाम्या पाट्यांची हीच खरी परीक्षा. रेल्वे फाटकावर दणका किती बसला याच्यापेक्षा नंतर गाडी किती वेळा हलली ते मोजा. एकदा दबून स्थिर झाली तर शॉक चांगले. दोन-तीनदा डोलली तर लांबच्या प्रवासात मागच्यांना मळमळेल.

सगळ्यात महत्त्वाचं: निम्मा वेळ तुम्ही स्वतः मागे बसा आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. पुढची सीट आणि मागची सीट यांत पिकअपमध्ये मोठा फरक असतो. मागचा माणूस मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ आणि कॅबिनच्या पत्र्याच्या भिंतीला टेकून असतो, त्यामुळे दणका आणि आवाज दोन्ही त्यालाच जास्त. आई-बाबा इथे असताना गाडी घेणार असाल तर बाबांनाच बसवा. चढताना कुठे धरावं लागतं, कंबर किती वाकवावी लागते, पाठ किती सरळ आहे, हे त्यांना एका मिनिटात कळेल. मध्यम पिकअपच्या मागच्या सीटची पाठ बहुधा फार ताठ असते आणि बसायची उशी खाली, गुडघे वर येतात, कमरेचा बाक सपाट होतो. रिजलाइनची मागची जागा यादीत सगळ्यात ऐसपैस आणि चढायला सगळ्यात कमी उंच. टॅकोमाच्या मागे गुडघ्यांना जागा कमी पडते, ते घेण्याआधी बाबांच्या उंचीच्या माणसाला बसवून बघा. पायरी नसेल तर लावून घ्या, पण नळीसारखी गोल नको. बर्फाच्या बुटांनी तिच्यावर पाय घसरतो. चपटी आणि खरखरीत घ्या.

आवाज मोजायचा तर कानावर सोडू नका. दोन गाड्यांच्या मध्ये दोन दिवस गेले की कान विसरतात. आयफोन असेल तर अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचं ध्वनिमापक अ‍ॅप फुकट आहे. शेजारी बसलेल्याने फोन धरायचा, चालवणाऱ्याने नाही. फोन तोच, जागा तीच, कानाच्या उंचीला, मागच्या सीटवरही एकदा. पंखा बंद, रेडिओ बंद, काचा बंद. वेग ७० वर क्रूझ कंट्रोलने बांधा आणि साठ सेकंदांची सरासरी नोंदवा. परतीच्या दिशेने पुन्हा मोजा, कारण वारा समोरून आणि मागून यांत दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो. जोराचा वारा असलेल्या दिवशी मोजूच नका, ओला रस्ता असेल तर अजिबात नको, पाण्याचा आवाज टायरला झाकून टाकतो. मासिकात छापलेल्या आकड्यांशी तुमच्या फोनचा आकडा ताडू नका, तुमच्याच आकड्यांची एकमेकांशी तुलना करा. एखाद्-दुसऱ्या डेसिबलचा फरक सोडून द्या. दोन्ही दिशांना तीन किंवा जास्त फरक टिकला तर तो खरा. दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट आवाज.

अ‍ॅपमध्ये ए आणि सी अशी दोन मापं असतात. ए मापात जाड, घुमणारा आवाज कमी धरला जातो, म्हणून ए च्या आकड्याला छान ठरलेली गाडी तासाभराने डोकं जड करू शकते. दोन्ही मापांनी मोजा. ज्या गाडीत सी आणि ए यांच्यातली तफावत जास्त, तिच्यात घुमणं जास्त. घुमणारा आवाज मागच्या भिंतीतून, मागच्या काचेतून आणि फ्रेमच्या थरथरीतून येतो. ताशी चाळीसच्या खाली जो आवाज येतो तो बहुतेक टायर आणि इंजिनचा, साठच्या पुढे वारा वरचढ होतो. रस्ता बदलल्याबरोबर आवाज बदलला तर टायर, तोच रस्ता असूनही वेगाबरोबर शिट्टीसारखा वाढला तर वारा. वाऱ्याचं मूळ शोधायला आरशाच्या बुडाशी, दाराच्या वरच्या कोपऱ्याशी आणि मागच्या सरकत्या काचेच्या कडेशी हात फिरवा, हवा लागते. सरकती काच असलेल्या गाड्यांत ती खडखडते का हेही ऐका. छतावर आडवे बार असतील तर ते काढून मोजायला सांगा.

इंजिनचा आवाज वेगळा तपासायचा. टॅकोमा, कोलोरॅडो आणि बऱ्याच रेंजरमध्ये टर्बो चार सिलिंडर आहे. सत्तरवर स्थिर चालताना ते गप्प असतं, पण रॅम्पवरून फ्रीवेवर शिरताना कर्कश ओरडतं. रिजलाइन आणि फ्रंटियरचे व्ही-६ जास्त गोड वाजतात. तुमच्या तीस मैलांत किती वेळा जोरात दाबावं लागतं त्यावर याला किती किंमत द्यायची ते ठरवा. ट्रेलर ओढताना मात्र ते ओरडणं मिनिटा-मिनिटाला ऐकू येणार.

काचांवरच्या छापील खुणाही वाचा. पुढची काच सगळीकडे लॅमिनेटेडच असते. पुढच्या दारांच्या काचेच्या कोपऱ्यात अकॉस्टिक असं किंवा कानाचं चिन्ह असेल तर मध्ये आवाज शोषणारा थर आहे. हे बहुधा वरच्या ट्रिममध्ये असतं, नंतर लावता येत नाही.

हादरे मोजायचे असतील तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे अ‍ॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं. फोन सीटवर ठेवू नका, उशी मोजमाप खाऊन टाकते. मागच्या सीटच्या रुळाजवळ फरशीवर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने घट्ट बसवा आणि गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण नोंदवणारा पर्याय निवडा. फोन पालथा-उताणा असताना उभी दिशा म्हणजे झेड. एकाच पट्ट्यावरून एकाच वेगाने दोन मिनिटं. आकडे एक्सेलमध्ये काढून झेडचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्या, दुसऱ्या गाडीपेक्षा ते किती कमी-जास्त ते पाहा. आडव्या दिशेचं वेगळं काढा, बाबांच्या कमरेसाठी तोही आकडा महत्त्वाचा. आकडे आणि तुमचं बूड यांचं एकमत झालं नाही तर बुडाचं ऐका, सीटची उशी आकड्यात आलेली नाही.

ट्रेलरचा हिशेब करूनच निर्णय घ्या, नाहीतर मऊ गाडी घेऊन ट्रेलर लावल्यावर तिची मागची बाजू बसेल. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, येतो. साडेतीन हजारांचे ३५० ते ५२५ पाउंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर प्रवासी आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते छापलेलं असतं. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, जाहिरातीतला नाही. समजा १,३०० आहे. चार मोठी माणसं सरासरी १६० ची, म्हणजे ६४०. हिचवर ४२० धरा. उरले २४०, त्यात बर्फाची पेटी, तंबू, खुर्च्या. जमतं, पण जेमतेम. रिजलाइनची ओढायची मर्यादा ५,००० पाउंड आहे, तुमच्या ट्रेलरला पुरेशी. तरीही माणसं वाढली की कोणत्याही गाडीची ओढायची ताकद कमी होते, त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये घेण्याआधी वाचा. पुढे मोठा, सहा हजारांचा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर रिजलाइन यादीतून काढा आणि कॉइलवाल्या टॅकोमाकडे वळा. प्लायवुडचं म्हणाल तर रिजलाइनच्या बेडमध्ये चाकांच्या उंचवट्यांमधून चार फुटी प्लायवुड आडवं सपाट बसतं, मागचं झाकण मात्र उघडं ठेवावं लागतं.

आता शीट्सचा प्रश्न. ब्युटाइल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या चिकटणाऱ्या शीट्स मिळतात त्या पत्र्याचं वाजणं थांबवतात, आवाज अडवत नाहीत. टायरची गुणगुण आणि वाऱ्याची शीळ त्यांनी जवळजवळ तशीच राहते. म्हणून टायर वाईट असताना शीट्सवर पैसे घालणं फुकट आहे. घुमणारा आवाज असेल तर मात्र पिकअपमध्ये एक जागा हमखास फायद्याची: मागच्या सीटमागची भिंत. पत्रा मोठा, सपाट आणि उघडा असतो. सीटची पाठ काढून बोटाच्या पेराने ठोका. टणटण वाजतो त्या भागाच्या मध्यावर शीट लावा. पत्र्याचा पाव ते अर्धा भाग झाकला तरी वाजणं बंद होतं, सगळा मढवायची गरज नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गॅरेज सत्तर फॅरनहाइटच्या आसपास गरम असू द्या आणि रोलरने दाबा. थंड पत्र्यावर चिकटवलेली शीट पुढच्या उन्हाळ्यात सुटून लोंबते. तिच्यावर बंद पेशींचा फोम लावला तर थोडा आणखी फरक पडतो.

याच भिंतीत रबरी पट्ट्यांच्या झडपा असतात, दार लावताना आतली हवा बाहेर जाण्यासाठी. आवाज तिथूनही येतो म्हणून लोक त्या झाकतात. मग दार नीट लागत नाही, कानात दडे बसतात आणि काचांवर वाफ धरते. त्या मोकळ्याच ठेवा. दारांच्या आत जायच्या फंदात पडू नका. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा दाब मोजणारा सेन्सर दाराच्या पोकळीत असतो, आतला प्लास्टिकचा पडदा कापला की त्याच्या मोजणीवर परिणाम होऊ शकतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत पडदा एअरबॅग असते, तिथलं आवरणही काढू नका.

पाटेवाली गाडी घेतली आणि रिकामी आपटायला लागली, तर मेकॅनिक एक पाटा काढून देईल. तो काढू देऊ नका, स्टिकरवरची क्षमता त्याने पोकळ ठरते आणि ट्रेलर लावल्यावर मागचा भाग बसतो. त्यापेक्षा हिवाळ्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर दीडशे-दोनशे पाउंड वाळूच्या पिशव्या बांधून ठेवा. पाटे थोडे दबतात, खडबड कमी होते आणि बर्फात पकडही मिळते. पिशव्या मोकळ्या ठेवू नका, ब्रेक लावला की पुढे येतात. महाग शॉक लगेच बदलू नका. पाट्यांतलं घर्षण शॉकने जात नाही, आणि जड कामाचे काही शॉक बारीक खडबडीवर मूळच्यांपेक्षा ताठ असतात.

घेताना ऑर्डरच्या कागदावर ट्रिमबरोबर टायरचा आकार आणि प्रकारही लिहून घ्या. त्याच ट्रिमची दुसरी गाडी दुसऱ्या टायरांवर येऊ शकते. ताब्यात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात आय-२७५ वर ६० ते ७० च्या दरम्यान थरथर वाटली तर साधं बॅलन्सिंग नको, रोड फोर्स बॅलन्सिंग मागा. त्यात टायरवर दाब देऊन तो कुठे कडक आहे हे मोजतात, साध्या यंत्राला ते दिसत नाही. प्रत्येक टायरचा आकडा छापून घ्या आणि तक्रार सर्व्हिसच्या पावतीवर लिहून घ्या. बऱ्याच गाड्यांत टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीकडे नसते, टायरच्या कंपनीकडे असते, आणि तिथे तीच पावती मागतात.